रिव्हर्सचा चढ

वाचिहेराला गाडी दिसली नाही, पण गाडीबद्दलचे प्रश्न तिला सगळे ऐकू आले.

जूनमधली, म्हणजे तिथल्या हिवाळ्यातली थंड सकाळ होती. ती अंगणात चटईवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्यापासून हे एकच काम तिच्या हाती उरलं होतं. ऊन कुठे आणि सावली कुठे, एवढं तिला कळे. समोर माणूस आलं की उजेडात एक काळसर डाग हलायचा. तो डाग कुणाचा, ते आवाजावरून ठरवायचं. फाटकापाशी इंजिन बंद झालं आणि पाच मिनिटांत आजूबाजूच्या चार अंगणांतली माणसं गोळा झाली. बिकिटाच्या डोंगरात कुणाच्या घरी गाडी आली की तिची चौकशी नव्या सुनेसारखी होते, आणि ती चौकशी पुरी झाल्याशिवाय कुणी चहासुद्धा पीत नाही.

"पेट्रोल किती पिते रे?"

"फार नाही. लिटरला सोळा-सतरा किलोमीटर जाते," गारिकाई अदबीनं म्हणाला. तो वाचिहेराचा जावई. गावोगावी सौर पॅनेल बसवत फिरायचा आणि जपानहून जुनी आलेली ही छोटी हॅचबॅक त्यानं गेल्याच महिन्यात घेतली होती.

"म्हणजे आपल्या गोंडोपेक्षा कमीच पिते!"

"गोंडो एका लिटरमध्ये स्वतःच्या घरापर्यंतसुद्धा पोचत नाही," खुद्द म्हातारा गोंडोच म्हणाला आणि सगळ्यांच्या आधी हसला.

"पार्ट मिळतात का हिचे?"

"हरारेत जिकडे बघाल तिकडे हीच धावते. पार्ट भाजीसारखे मिळतात."

"माणसं किती बसतात?"

"पाच."

यावर मोठा हशा पिकला. "पाच? मुला, मी हरारेत असल्याच गाडीतून आठ जणांत गेलोय. दोघं डिकीत होते, आणि त्यातला एक मी!"

"आणि तू कसा मावतोस हिच्यात? गाडी घेतलीस की बूट?"

गारिकाई सव्वासहा फूट उंच. सीट पार मागे सरकवल्याशिवाय त्याचे गुडघे स्टिअरिंगखाली जात नसत. तो नुसता हसला. मग कुणीतरी विचारलं, "खालून उंच आहे का? झिब्वेच्या चढावर पोट घासेल हिचं."

त्यावर तो जरा थांबला. "येताना उतार होता," तो म्हणाला. "हळू आणली."

गाडी दाखवायची म्हणून त्यानं किल्ली फिरवली. लगेच आतून एक बाई नाजूक आवाजात जपानीत काहीतरी बोलली. वाचिहेरानं सवयीनं दोन्ही हातांनी हलक्या टाळ्या वाजवून तिला नमस्कार केला. "कशी आहेस बाई? बस ना," असंही म्हणाली.

"काय म्हणते ती?" विशमोरच्या आईनं विचारलं. ही शेजारीण.

"विचारतेय, की मालकाची बायको कुठाय," गोंडो म्हणाला. "घरात नाही म्हटलं तर राहायला येईल."

एक प्रश्न मात्र कुणी विचारला नाही, आणि वाचिहेराला तोच विचारायचा होता. या एवढ्याशा गाडीत सासूनं बसायचं कुठे?

सासू-जावयाचं अंतर काय असतं, हे तिथे लहान पोरालाही कळतं. जावयानं सासूच्या हाताला हात लावायचा नाही, तिच्या शेजारी बसायचं नाही, तिच्या तोंडाकडे बघायचं नाही. तिनंही त्याच्याशी थेट बोलायचं नाही. मध्ये कुणीतरी लागतं. हल्ली शहरात लोक हे सगळं धाब्यावर बसवतात म्हणे. पण वाचिहेरा चिहेरा कुळातली, आणि त्या कुळातल्या बायकांच्या हट्टापुढे बैलसुद्धा बाजूला होतात. तिच्या लेकीच्या, शायलेटच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत वाचिहेरानं जावयाकडे एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं. आधी रीत आडवी आली आणि मग मोतीबिंदू. त्याचा आवाज तेवढा तिला पाठ होता.

त्या हट्टापायीच आज शुक्रवार उजाडला होता. मिशनच्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर दोन वर्षांतून एकदा, एकाच आठवड्यासाठी यायचे. शायलेट तिथेच मदतनीस होती. तिनं सोमवारीच फोन केला, "आई, यांना गाडी घेऊन पाठवते." वाचिहेरा म्हणाली, "कशाला? बस आहे की." मंगळवारी बस आली नाही. बुधवारी आली नाही. गुरुवारी कळलं की बसचा गिअरबॉक्स उघडून पडलाय. गुरुवारी रात्री शायलेट फोनवर रडली. "उद्या दुपारी बाराला यादी बंद होते, आई. मग दोन वर्षं. दोन वर्षांनी डॉक्टर म्हणतील, आता उशीर झाला. तू मला दिसशील, पण मी तुला दिसणार नाही."

त्या वाक्यानं वाचिहेरा आतून हलली. तरी ती म्हणाली, "गोंडो भावजी येत असतील तर बघते."

गोंडो तिच्या नवऱ्याच्या घराण्याचा साहविरा, म्हणजे पिढीजात ठरलेला थट्टेखोर मित्र. लग्न असो की मयत, त्याला काहीही बोलायची मुभा, आणि कुणीही त्याचा राग धरायचा नाही. तो मध्ये असला की सासू-जावयाचं बोलणं त्याच्यामार्फत होऊ शकत होतं. तर असा तो पुढच्या सीटवर गारिकाईच्या शेजारी बसला. वाचिहेरा मागे डाव्या बाजूला. गारिकाईची सीट इतकी मागे आली होती की त्याच्या पाठीमागे फक्त विशमोरच्या आईचं अर्धं अंग मावलं, आणि उरलेलं अर्धं मध्ये आलं. तिला बाजारापर्यंतच जायचं होतं. जाणाऱ्या गाडीला कुणी हात केला आणि ती रिकामी गेली, असं तिथे होत नाही.

आणि दवाखान्यात रिकाम्या हातानं कसं जायचं? डिकीत रताळ्यांचं पोतं गेलं. शेंगांचं पोतं गेलं. डॉक्टरसाठी एक कोंबडा, पाय बांधून. शेजारच्या पाड्यावरून आणखी दोन भोपळे आले. गारिकाई प्रत्येक वेळी "हो, हो" म्हणत राहिला. जावई माणूस, सासरच्या अंगणात उभं राहून नाही कसं म्हणेल? गाडीची मागची बाजू बसत चालल्याचं त्याला दिसत होतं आणि तो गप्प होता. चूक झाली ती इथे. निघायलाही साडेनऊ वाजले.

झिब्वेचा चढ सहाशे-सातशे पावलांचा असेल. तो संपला की डांबरी सडक, आणि तिथून दवाखाना सव्वा तासावर. गारिकाईनं खालून वेग घेतला. गाडी निम्म्यात गेली, कुरकुरली, पुढची चाकं खडीवर गरगर फिरायला लागली आणि धुरळ्यात सगळं थांबलं.

"उतरा," गोंडो म्हणाला. "घोडं थकलं."

विशमोरची आई उतरली. पोती उतरली, भोपळे उतरले, कोंबडा उतरला. गारिकाईनं गाडी खाली नेऊन पुन्हा मारली. चाकं पुन्हा तिथेच गरगरली. तो खाली उतरून चाकांकडे बघत उभा राहिला. दहा वाजून गेले होते.

"दुसरा रस्ता?" वाचिहेरानं गोंडोला विचारलं.

"आहे. पण त्यानं गेलो तर संध्याकाळी पोचू."

"मग मी चालत चढते."

"वहिनी, तुम्हाला समोरचा कोंबडा दिसत नाही. आणि वर चढून पुढे काय? साठ किलोमीटर चालणार?"

गारिकाईनं घसा खाकरला. सासूकडे पाठ करून तो गोंडोला म्हणाला, "सेकुरू, आजोबा, एक उपाय आहे. ही गाडी पुढच्या चाकांनी ओढते. चढावर सगळा भार मागे जातो आणि पुढची चाकं हलकी पडतात. उलटी चढवली, रिव्हर्समध्ये, तर भार त्याच चाकांवर येतो. शहरात पोरं करतात असं. तुम्ही पुढेच बसा, तुमचंही वजन तिथे लागेल."

"मग घाल की रिव्हर्स!"

गारिकाईनं मान खाली घातली. गोंडोला उलगडायला क्षणभर लागला, आणि मग तो मांडीवर हात मारून हसला.

"आलं लक्षात! रिव्हर्समध्ये मागे बघावं लागतं. आणि मागे कोण बसलंय? सासूबाई! सगळा चढ त्यांच्या तोंडाकडे बघत चढायचा!"

"माझ्याशी जागा बदला, भावजी," वाचिहेरा म्हणाली.

"पुढे? मग त्याला मागे वळताना हात तुमच्या सीटवर टाकावा लागेल. जावयाचा हात सासूच्या खांद्यामागे. त्यापेक्षा तोंड बरं."

"त्याच्या पाठीमागे बसते."

"तिथे तुमचा हा दुखरा गुडघा घालून दाखवा."

वाचिहेराला धुरळ्याचा वास येत होता आणि कुठेतरी वर कावळा ओरडत होता. तिला शायलेटचं ते वाक्य आठवलं. मग तिनं अंगावरचं कापड ओढून डोक्यावरून तोंडापर्यंत घेतलं आणि म्हणाली, "सांगा जावईबापूंना, घाला म्हणावं रिव्हर्स."

पायथ्याशी नेऊन वळवून घेतलेली गाडी मागच्या अंगानं चढू लागली. खरंच चढू लागली. चाकं धरत होती. पण मागची काच धुरळ्यानं माखलेली, त्यावर समोरून ऊन पडलेलं. गारिकाईला काचेत पांढऱ्या झगझगाटाशिवाय काही दिसेना. गोंडोची मान गेल्या दहा वर्षांत मागे वळली नव्हती. आणि या चढावर मध्येच पावसानं एक मोठा चर पाडलेला होता, येताना गारिकाईनं तो कसाबसा चुकवला होता.

तो चर नेमका कुठे आहे ते वाचिहेराला ठाऊक होतं. पंचवीस वर्षं तिनं या चढावरून डोक्यावर दळण वाहिलं होतं. रानउंबराची सावली जिथे सुरू होते, तिथून दहा पावलांवर तो चर. कापडातूनही तिला ऊन गेलेलं कळलं.

"भावजी," ती घाईनं म्हणाली, "जावईबापूंना सांगा, उंबर आला. आता त्यांच्या बाजूला घ्यायला हवं. माझ्या बाजूला चर आहे."

गोंडोनं रीतीप्रमाणे आधी टाळी वाजवली. "जावईबापू," तो म्हणाला, "अंबुयांचा, तुमच्या सासूबाईंचा, असा निरोप आहे, की उंबराचं झाड—"

धाडकन आवाज झाला. गाडी वाचिहेराच्या बाजूला कलंडली. मागचं चाक चराच्या काठावरून घसरलं होतं. गारिकाईनं ब्रेक दाबून धरला, मग जीव मुठीत धरून इंच इंच पुढे सोडत गाडी चरातून काढली आणि पुन्हा पायथ्याशी आणली.

"किती वाजले?" वाचिहेरानं विचारलं.

"साडेदहा," गोंडो म्हणाला. मग त्यानं तपकिरीची डबी काढली, एक चिमूट ओढली आणि सीटवर मागे रेलला. "वहिनी, ऐका. मी साहविरा. मेलेल्या माणसाची नक्कल करायचा मान आमचा. तुमच्या नवऱ्याच्या मयतीत मी त्याचा कोट घालून फिरलो होतो, आठवतं? तर आता मी मेलोय. प्रेताला निरोप सांगता येत नाही. वजन म्हणून तेवढं मला पुढे ठेवा." त्यानं डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली.

"भावजी, थट्टेची वेळ नाही."

प्रेत काही बोललं नाही.

"भावजी!"

गारिकाईही गप्प. त्यानं काही बोलायचं तर तिच्याशीच बोलावं लागलं असतं. वाचिहेराला राग आला. गोंडोचा आला, बसवाल्याचा आला, चार दिवस घालवले म्हणून स्वतःचा तर सगळ्यात जास्त आला. मोडली असती रीत सोमवारी, तर आज ही पाळी आली नसती. आणि या रागातच तिला स्पष्ट कळलं, की आपल्याला बघायचंय. भारी हौस आहे बघायची. शायलेटचं तोंड, ती वाळलीय का भरलीय, ते आपल्याला बघायचंय.

तिनं डोक्यावरचं कापड मागे टाकलं.

"जावईबापू," ती म्हणाली. चार वर्षांतला हा पहिला शब्द. "तुम्ही मागे बघू नका असं मी म्हणणार नाही. बघा, खुशाल बघा. तुम्हाला काचेत दिसत नसेल तर मला सावली दिसते. मी सांगेन तसं करा. मध्ये थांबायचं नाही."

"हो, अंबुया," गारिकाई म्हणाला.

त्यानं हात प्रेताच्या सीटमागे टाकला आणि वळला. वाचिहेरानं खिडकीची काच खाली केली आणि तोंड उन्हाकडे धरलं. ऊन डोळ्यांवर पांढरं पांढरं पडत होतं. गाडी चढायला लागली.

"सरळ. सरळच. अजून सरळ... आली सावली. तुमच्या बाजूला घ्या!"

गाडी वळली.

"आणखी! कंजूसपणा करू नका, दगडाला लागली तर लागू दे!"

खाली काहीतरी खरवडलं. गाडीचं पोट. थांबली नाही.

"आता ऊन आलं. चर गेला. सरळ... वारा लागतोय का तुम्हाला? थंड वारा?"

"लागतोय, अंबुया."

"ती खिंड. इथे माझ्या बाजूला घ्या, हळूहळू. तिकडे दरी आहे, पण माझ्यावर विश्वास ठेवा. माझी बाजू, माझी बाजू... बस! सरळ! आता दाबा!"

इंजिन किंचाळलं, खडी उडाली आणि एकाएकी सगळं सपाट झालं. चाकांखाली डांबराचा आवाज आला. गारिकाईनं गाडी बाजूला घेतली. त्याचा श्वास जोरजोरात चालला होता, तिचाही.

"मी जिवंत होऊ का?" गोंडोनं डोळे मिटूनच विचारलं.

"नको," वाचिहेरा म्हणाली. "असेच शोभता."

आणि सासू-जावई दोघंही एकदम हसले. लगेच दोघांनाही लाज वाटली आणि दोघंही गप्प झाले. विशमोरच्या आईला आणि पोत्यांना खालीच सोडून गाडी निघाली. बिचारीनं खालून हात हलवून "जा, जा" केलं, आणि कोंबडा त्या दिवशी डॉक्टरांकडे न जाता तिच्याच अंगणात गेला.

दवाखान्याच्या फाटकात पोचले तेव्हा बाराला सात मिनिटं होती. शायलेट उन्हात उभी होती. तिनं आईला जवळजवळ उचलूनच आत नेलं. यादीत शेवटचं नाव वाचिहेराचं लागलं. दुपारी तीनला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि रात्रभर ती पट्टीखाली अंधारात पडून राहिली. डॉक्टर चांगलं झालं म्हणाले होते, पण डॉक्टर सगळ्यांनाच तसं म्हणतात, असं तिला वाटत राहिलं. झोप लागलीच नाही.

सकाळी व्हरांड्यात सगळ्यांना ओळीनं बसवलं. नर्सनं तिची पट्टी सोडली. आधी नुसतं पाणी पाणी आलं. मग एक हिरवी भिंत दिसली. इतकी हिरवी भिंत जगात असते हे ती विसरून गेली होती. मग त्या भिंतीपुढे एक तोंड दिसलं.

"वाळलीयस," वाचिहेरा म्हणाली.

शायलेटनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊन रडली. वाचिहेरा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली आणि बघत राहिली. केस बघितले, कान बघितले, गणवेशाच्या बाहीला सुटलेला टाका बघितला.

मग तिनं मान वर केली. अंगणात एक चंदेरी गाडी उभी होती. ती मनात म्हणाली, एवढीशी? आणि गाडीच्या पलीकडे एक उंच माणूस व्हरांड्याकडे पाठ करून उभा होता. सासूच्या नजरेसमोर येऊ नये म्हणून मुद्दाम तसा उभा होता. काल मोडलं ते काल गरज म्हणून, आज पुन्हा जिथल्या तिथे, असं त्याच्या पाठीवरच लिहिलेलं होतं.

"यांना बोलावू?" शायलेटनं डोळे पुसत विचारलं.

"नको. पाय आहेत मला."

ती उठली. व्हरांड्याच्या तीन पायऱ्या होत्या. तीनही तिला दिसल्या. कुणाचा हात न धरता ती उतरली आणि गाडीला वळसा घालून त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. गारिकाई दचकला. मागे सरकायला जागा नव्हती, मागे गाडी होती. तो झटकन उकिडवा बसला, रीतीप्रमाणे टाळ्या वाजवू लागला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"डोळे उघडा, जावईबापू," वाचिहेरा म्हणाली. "माझे उघडायला एवढी यातायात केलीत, आणि आता तुमचे मिटून बसलात?"

त्याच्या टाळ्या थांबल्या. मग त्यानं डोळे उघडले, आणि वाचिहेरा मनाचं पुरतं समाधान होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.